तिसऱ्या घाण्याच्या पुड्या

इमारतीत त्याला नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. तोंडावर मिलिग्रॅमकाका, पाठ वळली की नुसता मिलिग्रॅम. चौतीस वर्षं तो एकाच डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून उभा होता. उभाच, कारण काउंटरमागे स्टूल ठेवलं की माणूस सुस्तावतो, असं त्याचं मत. खलात गोळ्या कुटायच्या, दोन-तीन पावडरी एकजीव करायच्या, चौकोनी कागदांवर सारखे ढीग मांडायचे आणि पुड्या बांधायच्या. पुढं दवाखाना बंद झाला, डॉक्टर वारले, तयार गोळ्यांची पाकिटं सगळीकडे आली, तरी ह्याचे हात थांबायला तयार नव्हते. ताटात मीठ वाढलं की त्या ढिगाला बोटानं चौकोन पाडायचा. बसमध्ये बसला की तिकिटाची पुडी बांधायचा. बायको म्हणायची, "मी मेले तर रडू यायच्या आधी ह्यांना माझी पुडी बांधायचं सुचेल."

त्या हातांना काम मिळालं ते कोकोमुळं. घरी बसल्यावरच्या पहिल्याच थंडीत त्यानं दुकानातून आणलेला गरम कोकोचा तयार डबा उघडला, चमचाभर पूड तळहातावर घेतली, नखानं पसरली आणि निकाल दिला, "एकजीव नाही. साखर एकीकडे, दूध एकीकडे. नवरा-बायकोचं भांडण झाल्यासारखं." दुसऱ्या दिवशी त्यानं स्वयंपाकघरातली एक फळी बळकावली.

तेव्हापासून दर थंडीत हा उद्योग. दूध पावडर चार भाग, पिठीसाखर तीन, कोको दोन. दाटपणाला थोडं कॉर्नफ्लॉअर, तेही कोरड्या कढईत हलकं भाजून, नाहीतर कच्चा वास मारतो. आणि मीठ, चिमटीतून निसटेल इतकं. पण त्याचा जीव अडकलेला होता तो मिसळण्यात. सगळं एकदम परातीत ओतून डाव फिरवणं हा त्याच्या लेखी गुन्हा. जे सगळ्यात कमी ते आधी घ्यायचं, त्यात तेवढंच दुसरं घालायचं, जे झालं त्याच्याइतकंच तिसरं, असं दुपटीनं वाढवत न्यायचं. म्हणजे शेवटच्या पुडीलाही मिठाचा तिचा वाटा पोचतो. मग तीनदा चाळायचं, काट्यावर तीस-तीस ग्रॅम तोलायचं, कागदाला चार घड्या घालायच्या आणि शेवटची घडी नखानं आत दाबायची. ना दोरा ना गोंद. उलटी धरून हलवली तरी कण सांडायचा नाही. एक पुडी, एक कप गरम दूध.

परातीत एका वेळी अठ्ठावीस पुड्यांचा घाणा मावायचा. असे तीन घाणे, चौऱ्याऐंशी पुड्या. त्यातल्या चोवीस मागच्या रस्त्यावरच्या बालवाडीला, चार-चार इमारतीतल्या चौदा घरांना, चार स्वतःला. विकायचा प्रश्नच नव्हता. "औषध विकतात," तो म्हणायचा, "हे पाजतात."

बरण्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. चिठ्ठी वाचून औषध काढणारा कंपाउंडर म्हणजे दारावरची पाटी वाचून स्वतःचं घर शोधणारा नवरा, असं तो म्हणायचा. दवाखान्यात शंभरावर बाटल्या होत्या आणि हाताला प्रत्येकीची जागा पाठ होती. बाटली उतरवली की काम होताच तिच्या रिकाम्या जागी परत. घरातही तेच. डावीकडून पहिली दूध पावडर, दुसरी साखर, तिसरी कोको, चौथी कॉर्नफ्लॉअर, पाचवी मीठ. पाचही बरण्या एका मापाच्या, पांढऱ्या झाकणांच्या. फळीखाली बायकोसाठी सूचना चिकटवलेली होती, 'हात लावू नये'. तिनं खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'हौसही नाही'.

त्या गुरुवारी दुपारी पावणेतीनला तो दाढीचं सामान आणायला खाली निघाला होता. थंडी अशी, की जिन्याच्या कठड्याला हात लावला तर चटका बसावा. दुसऱ्या मजल्यावर शिवणकामवाल्या ताई दारात दोरे झटकत उभ्या होत्या.

"काका, ह्या वेळचा कोको जरा कडक झालाय का हो?"

मिलिग्रॅम थांबला. "कडक म्हणजे?"

"म्हणजे, कसं सांगू, औषधी. मी म्हटलं काकांनी ह्या वर्षी काहीतरी गुणकारी घातलं असणार. रंग मात्र झकास! काळाभोर. आमचे हे म्हणाले, कोको आहे की बुटाचं पॉलिश?"

"प्यालात?"

"दोन घोट. जीभ चरचरली, मग ठेवून दिला. दिवसभर तोंडात टाचण्या धरते ना, माझीच जीभ सोललेली असेल."

"असेल," तो म्हणाला. हसलासुद्धा. मग वळला आणि आला होता तसाच वर निघाला, एकेक सोडून दोन-दोन पायऱ्या. एकोणसत्तराव्या वर्षी. ताई खालून म्हणाल्या, "अहो काका, हळू!" ते त्याला ऐकूच आलं नाही. कोकोला काळं करणारी एकच गोष्ट त्याला ठाऊक होती, आणि ती स्वयंपाकघरात सिंकखाली असायची.

सिंकखाली ती नव्हती.

बायको ओट्याशी बसून वाटाणे सोलत होती. त्यानं फळीवरची चौथी बरणी उतरवली, झाकण काढलं, चिमूट बोटांत धरली. कॉर्नफ्लॉअर दाबलं की बोटांत कुरकुरतं, नव्या बुटासारखं. हे गप्प राहिलं. त्यानं बोट नळाखाली ओलं करून पुन्हा चोळलं. बोट साबण लागल्यासारखं निसरडं झालं.

"फळीला हात लावलास?"

"सूचना वाचता येते मला."

"मग ही बरणी इथं कशी? हा धुण्याचा सोडा आहे."

"तुमच्या फळीवर माझी झुरळंसुद्धा जात नाहीत. तुम्हीच ठेवली असेल."

तो काहीतरी फटकन बोलणार होता, पण तेवढ्यात त्याला खिडकीच्या कट्ट्यावर, काट्याच्या मागे, कॉर्नफ्लॉअरची खरी बरणी दिसली आणि परवाची दुपार डोळ्यांपुढं उभी राहिली. दुसरा घाणा झाला. कॉर्नफ्लॉअर तोलायला कट्ट्यावर घेतलं होतं ते तिथंच राहिलं. चाळणीला ओशटपणा आला म्हणून सिंकखालून सोडा काढून ती घासली. सोड्याची बरणीही त्याच मापाची, पांढऱ्या झाकणाची. त्यानंच सहा एकदम आणल्या होत्या. हातात बरणी, फळीवर एक जागा रिकामी. हातानं चौतीस वर्षं जे केलं तेच केलं. मग तिसऱ्या घाण्याला तोच हात चौथ्या जागेवर गेला. थंडीनं बोटांना भेगा पडल्या होत्या म्हणून ह्या वर्षी रबरी हातमोजे घातलेले, त्यामुळं बोटांनाही काही कळलं नाही. अठ्ठावीस ग्रॅम. वर दुपटीदुपटीनं इतकं सुरेख मिसळलेलं, की अठ्ठावीस पुड्यांतली एकही त्यातून सुटली नसणार.

त्यानं स्वतःच्या वाट्याच्या चार पुड्या उघडल्या, चार बशांत ओतल्या, लिंबू कापलं. पहिलीवर पिळलं. काही नाही. दुसरीवर, काही नाही. तिसरी फसफसली, तपकिरी फेस बशीच्या काठापर्यंत आला. चौथीवर पिळायला त्याचा हात धजेना.

"म्हणजे मिसळल्या सगळ्या," तो म्हणाला. "एकाच पिशवीत टाकल्या होत्या मी. कुठली कुठल्या घाण्याची, ओळखता येणार नाही."

"मेलं कोणी?" बायकोनं विचारलं.

"मरत नाही कोणी. पण तोंड भाजेल, घसा भाजेल. मोठ्या माणसाला एक ग्रॅम म्हणजे... आणि लहान मूल असेल तर..." तो बोलता बोलता थांबला. दोघांनीही भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. तीनला दोन मिनिटं कमी.

बालवाडीत आज साडेतीनला पालकांना बोलावलं होतं. थंडीची सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा दिवस, मुलं गाणी म्हणणार, मग चार वाजता सगळ्यांना मिलिग्रॅमआजोबांचा कोको. बाईंनी त्यालाही बोलावलं होतं. म्हणून तर दाढीचं सामान.

त्यानं बाईंना फोन लावला. बंद. वर्गात असल्या की बाई फोन बंद करून कपाटात ठेवत, ते त्याला माहीत होतं. बालवाडीचा दुसरा नंबर त्याच्याकडे नव्हता. पुन्हा लावला. बंद. मग फोन ठेवून त्यानं परात काढली.

"आता हे काय?"

"चोवीस नव्या करतो. नेऊन बदलून देतो. सांगतो, नवी कृती आहे, जास्त चांगली आहे. पाऊण तासात होतात."

बायकोनं वाटाण्यांची टोपली बाजूला ठेवली. "तुम्ही इथं घड्या घालत बसा आणि मुलं तिथं सोडा पिऊन मोकळी होऊ देत."

"दोनच मिनिटं लागतात एकेकीला..."

"फोन करा, सांगा पुड्या फेका. कोणाला तरी निरोप द्या. त्यात बदलून काय द्यायचंय?"

"आणि काय सांगू?" तो ओरडलाच. हाताखाली पीठ उडालं. "मिलिग्रॅमनं सोडा घातला म्हणून? चौतीस वर्षांत एक पुडी चुकली नाही माझी. एक!"

 बायकोनं पदराला हात पुसले.

"दोन चुकल्या होत्या."

"काय?"

"डॉक्टर रोज तुमच्या पुड्या काढून बघायचे. तुम्ही जेवायला घरी यायचात तेव्हा. त्यांच्या बायकोनं मला सांगितलं होतं. दोनदा चुकीच्या निघाल्या, त्यांनी फेकल्या आणि स्वतः बांधल्या. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही रात्ररात्र झोपणार नाही, म्हणून कोणी बोललं नाही."

"खोटं बोलतेस."

"बरं, खोटं. पण आता मागून तपासायला डॉक्टर नाहीत. चपला घाला."

 कुठल्या दोन? कोणत्या साली? कोणाच्या? हे सगळं मिलिग्रॅमच्या डोक्यात फिरत होतं. तरीही त्याचे हात थांबले नव्हते. बोलता बोलता, भांडता भांडता त्यांनी आठ पुड्या बांधल्या होत्या. त्या त्यानं कोटाच्या खिशात कोंबल्या. तीन वीस.

"इमारतीतल्या मी बघते," बायको म्हणाली. तिचा गुडघा दुखायचा, जिना तिला नको असायचा. तरी ती उठलीच.

"सांगू नकोस काही. म्हणावं नवी कृती आहे."

"मी काय सांगायचं ते मी बघते. तुम्ही पळा."

बस आली ती तीन एकतीसला. मिलिग्रॅम बसला नाही, दारापाशी दांडा धरून उभा राहिला. बस चौकात अडकली. पुढं एक ट्रक आडवा घेत होते आणि ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना शांत राहा म्हणत होता. मिलिग्रॅमनं तिकिटाची पुडी बांधली, उघडली, पुन्हा बांधली. एक ग्रॅम. पाच वर्षांचं मूल, अठरा किलो. चोवीस पुड्या, त्यातल्या आठ तरी तिसऱ्या घाण्याच्या धरायला हव्यात. पण बाई कपाकपानं करणार नाहीत, मोठ्या पातेल्यात सगळ्या पुड्या एकदम टाकतील. म्हणजे पातळ होईल. पातळ होईल म्हणजे चव कळणार नाही. चव कळली नाही म्हणजे मुलं कप संपवणार. त्यानं दारावर थाप मारली.

"अहो, उतरू द्या मला!"

"स्टॉप नाही इथं."

"मग काय झालं? गाडी तरी कुठं चाललीय?"

दार उघडलं. तो रस्ता ओलांडून पळत सुटला. पळणं कसलं ते, पोटात कळ आलेल्या माणसाची लगबग. कोटाच्या खिशात आठ पुड्या खसखसत होत्या. थंड हवा छातीत सुयांसारखी जात होती. 'नवी कृती,' तो पुटपुटत होता. 'बाई, एक नवी कृती केलीय, जुन्या परत द्या.' वाक्य गुळगुळीत होईपर्यंत त्यानं ते घोटलं.

बालवाडीच्या फाटकावर मावशी होत्या. लोकरी टोपी कानांवर ओढून, स्टुलावर बसून. फाटकाला आतून कडी. चार वाजायला पाच मिनिटं होती. आतून पेटीचे सूर आणि पोरांचं किंचाळल्यासारखं गाणं येत होतं.

"मावशी, उघडा. बाईंना भेटायचंय."

"गाणी चाललीत. आता आत कोणाला सोडायचं नाही, बाईंनी सांगितलंय. मुलं विचलित होतात."

"मी कोकोवाला. मिलिग्रॅम."

"ओळखते की! काय काका, दाढी नाही केली? चार वाजता कोको झाला की सोडते तुम्हाला, थांबा जरा."

"कोकोच्याच आधी जायचंय. एक नवी कृती केलीय. जुन्या पुड्या बदलायच्यात."

"आता कसल्या बदलताय? पातेलं चढलंय. छान वास सुटलाय बघा."

"नव्या जास्त चांगल्या आहेत, मावशी."

"अहो, जुन्याच किती चांगल्या असतात! मागल्या वर्षी मी दोन कप प्यायले. बसा हो, दमलात."

त्यांनी स्टूल पुढं केलं. मिलिग्रॅमनं फाटकाचे गज धरले. थंड लोखंड भेगांवर चरचरलं. एवढा वेळ घोटलेलं वाक्य संपलं होतं आणि दुसरं खोटं त्याच्याकडं तयार नव्हतं.

"मावशी," तो म्हणाला, "त्यात धुण्याचा सोडा पडलाय. माझ्या हातनं. मुलांना देऊ नका."

 मावशींनी एका हातानं कडी काढली, दुसऱ्यानं त्याच्या कोटाची बाही धरली आणि त्याला ओढतच आत घेऊन गेल्या, ओरडत, "बाई! अहो बाई! कप भरू नका!"

गाणं मध्येच तुटलं. वर्ग पालकांनी भरलेला, छोट्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. मुलं अर्धगोलात उभी, प्रत्येकाच्या हातात रिकामा कप. कोपऱ्यात शेगडीवर मोठं पातेलं, आणि बाईंच्या हातात डाव.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

मिलिग्रॅमला दम लागला होता. त्यानं पातेल्याकडं बोट केलं. आतला रंग तपकिरी राहिला नव्हता, डांबरी दिसत होता. "माझ्या चुकीनं त्यात धुण्याचा सोडा गेलाय. कॉर्नफ्लॉअर समजून घातला. सगळ्या पुड्यांत नाही, पण कुठल्यांत ते मला सांगता येणार नाही. मुलांनी प्यायला?"

"नाही. मी चमचाभर बघितला फक्त." बाईंनी ओठांवरून जीभ फिरवली. "मी म्हटलं आज जीभ अशी काय झालीय."

एक बाप उठला. उठताना छोटी खुर्ची त्याच्या मागं चिकटूनच वर आली, पण हसलं कोणी नाही. "म्हणजे पाच मिनिटं उशीर झाला असता तर?"

"तर प्याली असती," मिलिग्रॅम म्हणाला.

"तुम्हाला कोणी सांगितले हो हे उद्योग? घरी बसवत नाही म्हणून लोकांच्या पोरांच्या पोटात..."

"बरोबर आहे तुमचं."

 बापाला भांडण हवं होतं, आणि समोरचा तर सरळ मान्य करून मोकळा. त्यानं खुर्ची मागून सोडवली आणि मुलीला जवळ ओढलं. बाईंनी शेगडी बंद केली. मावशींनी आणि बाईंनी दोन बाजूंनी कान धरून पातेलं मोरीत नेलं आणि उलटं केलं. काळा लोट जाळीतून गुळगुळत गेला. त्याचा वास मात्र अजूनही छान होता.

मुलं रिकामे कप घेऊन उभीच होती. एकीनं ओठ काढायला सुरुवात केली.

"आता ह्यांना काय देऊ मी?" बाई म्हणाल्या. मग त्यांची नजर त्याच्या फुगलेल्या खिशावर गेली. "तुम्ही नव्या आणल्यात ना? मावशी म्हणाल्या. किती आहेत?"

"आठ."

"आठ पुड्या चोवीस जणांत थोड्या थोड्या होतील. रंग तरी येईल दुधाला. द्या."

त्यानं एक पुडी बाहेर काढली. घडी सुरेख बसली होती, चारही कोपरे काटकोनात. ह्या वेळी बरणी खिडकीच्या कट्ट्यावरचीच घेतली होती, डोळ्यांनी बघून. घेतली होती ना? बायको बोलत होती, तो ओरडत होता, घड्याळ पुढं पळत होतं. आणि चाळणी? ती सोड्यानं घासून, मग तिसऱ्या घाण्याला वापरून तशीच खिळ्याला लावलेली होती. तिच्या जाळीत काय राहिलं असेल?

"ह्या नक्की चांगल्या आहेत ना, काका?" बाईंनी विचारलं. वर्गातली सगळी माणसं त्याच्याकडं बघत होती.

दवाखान्यात हा प्रश्न त्याला दिवसातून वीसदा विचारला जायचा, आणि उत्तर विचाराच्या आधी तोंडातून बाहेर पडायचं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

त्यानं आठही पुड्या मोरीवर उघडून ओतल्या, वर नळ सोडला. मग साधं दूध तापलं. साखर बालवाडीच्या डब्यातली, ती बाईंनी घातली. मिलिग्रॅमला कोणी मदतीला बोलावलं नाही आणि तोही पुढं झाला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला. प्रत्येक मूल पहिला घोट घेईपर्यंत त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिला, जणू दुधातही काहीतरी निघेल. पहिल्या रांगेतल्या एका पोरीनं त्याला विचारलं, "आजोबा, कोको तुम्ही सांडला का?"

"हो," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही. बिघडवला."

"मग परत नीट करा."

तिच्या आईनं तिला गप्प केलं.

निघताना बाई फाटकापर्यंत आल्या. रागावल्यासारख्या नव्हत्या, पण पूर्वीसारख्याही नव्हत्या. "बरं झालं आलात," एवढंच म्हणाल्या. पुढच्या वर्षीचं काही बोलल्या नाहीत. त्यानंही विचारलं नाही.

परतताना तो बसमध्ये चढला आणि दोन स्टॉप आधीच उतरला, कारण बसवत नव्हतं. फोनवर बायकोनं एकेक घर सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्यांनी उघडल्याच नव्हत्या. तिसऱ्यावरच्या नव्या सुनेनं एक करून सासऱ्यांना दिली होती. ती बरी निघाली, पण सून रडली. शिवणकामवाल्या ताईंनी उरलेल्या तीन परत दिल्या आणि वर म्हणाल्या, तरी म्हटलं, काका असं औषधी का करतील.

"काय सांगितलंस लोकांना?"

"आमच्या ह्यांनी सोडा घातला म्हणून. दुसरं काय सांगू? जिना चढता-उतरता मला एवढंच जमलं." मग म्हणाली, "तेरा घरं झाली. तळमजल्यावरचा कंडक्टर देत नाही. म्हणतो, काकांना पाठवा."

कंडक्टर एकटा राहायचा. मिलिग्रॅम पोचला तेव्हा तो ड्युटीवरून येऊन बनियनवर, पाय गरम पाण्याच्या बादलीत घालून बसला होता. दार उघडंच.

"या, या, धन्वंतरी! काकू सकाळ-संध्याकाळ कधी येत नाहीत, आज पुडी मागायला आल्या. मी नाही देणार."

"द्या. त्यात धुण्याचा सोडा आहे. मी घातला, चुकून."

"अहो, चुकून कसला! सांगतो ऐका. काल पहिली पुडी प्यालो, चांगली होती. आज पहाटे दुसरी प्यालो आणि काय सांगू, चार दिवस अडलेलं सगळं मोकळं! दिवसभर गाडीत मी गाणी म्हणत होतो. उरलेल्या दोन म्हणजे सोनं आहे सोनं. गुण येतोय त्याला तुम्ही चूक म्हणता?"

दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मिलिग्रॅम पोट धरून हसला असता. तो उंबऱ्यातच उभा राहिला. "सगळी प्यालात? कप संपवला?"

"चाटून."

"कधी?"

"साडेचारला. पहाटे."

"तोंडात जळजळ झाली?"

"थोडी. गरम होतं ना."

"उलटी?"

"छे."

"आता गिळताना काही होतं? गिळून दाखवा."

कंडक्टरनं गिळलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण मधेच कुठंतरी अडखळलं. त्यानं पुन्हा गिळलं. "इथं जरा टोचल्यासारखं होतंय. पण ते दिवसभर ओरडतो ना मी, स्टॉप सांगायला..."

"शर्ट घाला."

"कशाला?"

"डॉक्टरकडं जायचंय. त्या दोन पुड्याही घ्या बरोबर."

"एवढ्याशा घशासाठी? अहो, माझं पोट आजच..."

"पोटाचं तिथं सांगा. पाय पुसा."

असं म्हणत त्यानं खुंटीवरचा टॉवेल स्वतःच काढून कंडक्टरच्या अंगावर टाकला. दार लावेपर्यंत कंडक्टर कुरकुरत होता, रस्त्यावर आल्यावर मात्र गप्प झाला आणि चारदा गिळून बघितलं. मिलिग्रॅम त्याच्यापुढं दोन पावलं चालायचा, मागं वळून बघायचा, परत येऊन त्याच्या कोपराला धरायचा.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. काउंटरवर कंपाउंडर नव्हता, नुसता संगणक. बाकावर पाच पेशंट. मिलिग्रॅम नंबराला बसला नाही, सरळ आतल्या दारातून डोकं घातलं आणि म्हणाला, "ह्यांना आधी बघा." आवाज असा होता, की डॉक्टरीणबाईंनी बघितलं.

त्यांनी कंडक्टरच्या घशात बॅटरी मारली. "काय घेतलं होतं?"

कंडक्टरनं त्याच्याकडं पाहिलं. डोळे मिचकावले, जणू म्हणत होता, सांगतो मी काहीतरी, तुम्ही राहू द्या.

"धुण्याचा सोडा," मिलिग्रॅम म्हणाला. "कोकोच्या पुडीत. एका पुडीत साधारण एक ग्रॅम, दोनशे मिली दुधात. पहाटे साडेचारला."

"इतकं नेमकं तुम्हाला कसं माहीत?"

"मीच बांधली होती."

डॉक्टरीणबाईंनी एकदा त्याच्याकडं, एकदा त्यानं टेबलावर ठेवलेल्या दोन पुड्यांकडं पाहिलं, आणि पुन्हा बॅटरी लावली. "आ करा. मोठा. लाल आहे, पण सोललेलं दिसत नाही. दोन दिवस गार आणि पातळ खा, औषध देते. त्रास वाढला तर लगेच या." मग मिलिग्रॅमकडं वळून, "अजून कोणी प्यालंय?"

"बालवाडीच्या बाईंनी चमचाभर. शिवाय दोन घरं. एकीनं दोन घोट घेतलेत, एका सासऱ्यांची बरी निघाली असं म्हणतात. पण मी स्वतः विचारलेलं नाही."

"त्यांनाही पाठवा."

"पाठवत नाही," तो म्हणाला, आणि कंडक्टरचं औषध घ्यायच्या आधीच दाराकडं निघाला. "घेऊन येतो."